मागच्या सीटवर बेल्ट नाही लावला तर दंड कोणाला?

घाटवाट: पुढच्या आठवड्यात गावी जायचंय, गाडी पाच सीटर आणि आई-बाबा, आम्ही दोघं, मुलगी आठ वर्षांची आणि माझी मावशी, म्हणजे सहा जण. मुलीला मांडीवर घेतलं तर चालतं का? आणि मागच्यांनी बेल्ट नाही लावला तर दंड त्यांना की मला?

नाशिककर: दंड तुम्हालाच. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब, बेल्ट न लावलेले प्रवासी नेणाऱ्या चालकाला १००० रुपये, तुमचा स्वतःचा लावलेला असला तरी. १४ वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीट हवीच, त्यालाही १०००.

रस्तेवाला: जास्त प्रवाशांचं १९४अ, माणशी २०० रुपये, ते टॅक्सीसारख्या ट्रान्सपोर्ट गाड्यांना आहे, खासगीला नाही, पण म्हणून सुटलात असं समजू नका कारण सहाव्या माणसाला बेल्टच नाही, मग १९४ब लागतंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८(३) मध्ये बेल्टसाठी पुढे तोंड असलेल्या मागच्या सीट स्पष्ट लिहिल्यात. बाजूला तोंड करून बसायच्या जुन्या सीट त्यात येत नाहीत.

कोकणकन्या: दंडाचं सोडा हो. उद्योगपती सायरस मिस्त्री २०२२ मध्ये पालघरजवळ अपघातात गेले ते मागच्या सीटवर, बेल्ट नव्हता. मांडीवरचं मूल जोरात ब्रेक लागला तरी हातात राहत नाही. मावशींना एसटीने पाठवा, मुलीला तिची स्वतःची सीट द्या, आणि मधल्या सीटचं बकल सीटखाली दबलेलं असतं बऱ्याचदा, ते आत्ताच काढून बघा.