सगळ्या सारख्याच? छे!

वर कुणीतरी लिहिलंय, 'व्हाइट वाइन म्हणजे सगळी सारखीच, नुसतं आंबट पाणी.' मीही हेच म्हणायचो. चूक फ्रीजची होती. सोलापूरच्या मे महिन्यात बाटली बर्फासारखी गार करून प्यायची, मग वास कुठून येणार? काढून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, फार नाही, नाहीतर आपल्याकडे चहा होईल तिचा!

मग सोविन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन व्हाइट वाइन शेजारी-शेजारी ओता. पहिलीत कापलेल्या ढोबळी मिरचीचा हिरवा वास. तो पायराझिन नावाच्या संयुगांचा. दुसरी आपल्याकडे बऱ्याचदा किंचित गोडसर असते. शेंगाचटणी-कडक भाकरीबरोबर हीच घ्या, गोडव्यानं तिखट निवतं. सोविन्योबरोबर माझी जीभ भाजली होती.

आणि द्राक्षमळे बघायला नाशिकच कशाला? फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे मळे आपल्याच जिल्ह्यात, अकलूजकडे आहेत.