डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या सरकारने वाचवल्या, ते योग्य होते का?

धागाकर्ता : कोकणकडा

डबघाईला आलेली देशी मोटार कंपनी सरकारने वाचवावी की बुडू द्यावी, या वादाची सर्वांत महागडी परीक्षा २००८-०९ साली अमेरिकेत झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांचे प्रमुख खासगी विमानांनी वॉशिंग्टनला गेले आणि त्यांनी २५ अब्ज डॉलर मागितले. त्यावरून छी-थू झाल्यावर पुढच्या महिन्यात ते मोटारीने गेले, पण तोवर मागणी ३४ अब्जांवर गेली होती. सिनेटने विधेयक अडवले, तेव्हा अध्यक्ष बुश यांनी १९ डिसेंबरला वित्तसंस्थांसाठी मंजूर झालेल्या ७०० अब्जांच्या निधीतून जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना १७.४ अब्ज डॉलर देऊ केले. ओबामांच्या काळात मोटार उद्योगाला दिलेली एकूण मदत ८० अब्जांच्या घरात पोहोचली, आणि मदतीच्या बदल्यात सरकारकडे आलेले सगळे शेअर विकून झाल्यावरही त्यातले नऊ अब्जांहून अधिक डॉलर करदात्यांना परत मिळाले नाहीत.

माझा खरा आक्षेप त्या नऊ अब्जांना नाही. फोर्डने २००६ साली, कर्ज सहज मिळत असताना, कारखान्यांसह आपले निळे बोधचिन्हसुद्धा गहाण ठेवून २३ अब्जांहून अधिक डॉलर उभे केले होते, म्हणून तिला या निधीला हात लावावा लागला नाही. ज्याने वेळीच घर गहाण टाकले त्याने हप्ते स्वतः फेडायचे आणि ज्याने टाळाटाळ केली त्याचे कर्ज न्यायालयात कापून मिळायचे, हा कोणता न्याय? जनरल मोटर्सला तर २००७ सालीच, म्हणजे संकट शिगेला पोहोचण्यापूर्वी, ३८.७ अब्जांचा तोटा झाला होता. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो.

प्रतिसाद : माणदेशी

आधी आकड्याबद्दल. २००७ च्या त्या तोट्याचा बहुतेक भाग भविष्यातील करसवलती ताळेबंदातून काढून टाकल्यामुळे दिसणारा, म्हणजे हिशेबी तोटा होता. तेवढी रोकड त्या वर्षी गेली नव्हती. कंपनी निरोगी होती असे मी म्हणत नाही, पण वादात आकडा वापरायचा तर तो पूर्ण सांगावा.

दुसरे असे की या दोन कंपन्यांना दिवाळखोरीतून सूट मिळाली, हा समजच चुकीचा आहे. क्रायस्लरने ३० एप्रिल २००९ रोजी आणि जनरल मोटर्सने १ जून रोजी न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. मात्र दिवाळखोरीच्या काळात कारखाना चालू ठेवायचा तर पगाराला आणि कच्च्या मालाला रोख पैसे लागतात. एरवी असे कर्ज बँका देतात, पण त्या वेळी बँकाच सरकारच्या दारात उभ्या होत्या. सरकारी पैसा नसता, तर पुनर्रचनेऐवजी यंत्रांचा लिलाव झाला असता.

मी त्या हिवाळ्यात मिशिगनमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात नोकरीला होतो. आमचा माल तिन्ही कंपन्यांना जात असे आणि पाठवलेल्या मालाचे पैसे दीड-दोन महिन्यांनी येत असत, त्यामुळे एका मोठ्या ग्राहकाची देणी थकली की उरलेल्या दोघांसाठी लागणारे पोलाद उचलायलाही आमच्याकडे पैसे राहिले नसते. फोर्डचे प्रमुख अ‍ॅलन मुलाली यांनी प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या असे स्वतः संसदेत जाऊन सांगितले, ते याच भीतीने. ज्या फोर्डवर अन्याय झाला असे आपण म्हणता, तिचेच म्हणणे असे होते.

प्रतिसाद : तिसरा खांब

पुरवठादारांचा मुद्दा मान्य आहे, पण वाचवताना कोणाला पुढे घेतले आणि कोणाला मागे ढकलले, याबद्दल कोणीच बोलत नाही. नव्या जनरल मोटर्सचे सुमारे ६१ टक्के शेअर अमेरिकी सरकारकडे, १७.५ टक्के कामगार संघटनेच्या आरोग्यनिधीकडे आणि सुमारे १२ टक्के कॅनडाकडे गेले. सुमारे २७ अब्जांचे रोखे धरून बसलेल्यांच्या वाट्याला दहा टक्के आले. त्यांत निवृत्तीची पुंजी रोख्यांत ठेवलेली साधी माणसेही होती.

त्याहून गंभीर गोष्ट २०१४ साली उघडकीस आली. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांतील सदोष इग्निशन स्विचमुळे (किल्लीने गाडी चालू करायचे बटण) गाडी चालता चालता बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. कंपनीच्याच भरपाई योजनेत अखेर १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. दिवाळखोरीपूर्वीच्या दोषांची जबाबदारी जुन्या कंपनीची, आमची नव्हे, असा बचाव नव्या कंपनीने न्यायालयात केला. अपील न्यायालयाने २०१६ साली ती ढाल काढून घेतली हे खरे, पण सरकारने घाईघाईने उभ्या केलेल्या व्यवहारातूनच ती कंपनीच्या हाती आली होती.

प्रतिसाद : पिंपरी-वाघेरे

मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. जॅग्वार लँड रोव्हर टाटा मोटर्सकडे जून २००८ मध्ये आली आणि लगेच मंदी कोसळली. ब्रिटिश सरकारशी मदतीची बोलणी कित्येक महिने चालली, पण अखेर २००९ साली सरकारी हमी न घेता खासगी बँकांकडून पैसे उभे राहिले. म्हणजे खासगी पैसा अजिबात नव्हता, हे विधान सरसकट करता येत नाही. त्याच ब्रिटनने १९७५ साली ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी ताब्यात घेऊन वर्षानुवर्षे पैसे ओतले आणि तरीही तिच्याच वारशातला लाँगब्रिजचा रोव्हर कारखाना २००५ साली बंद पडला. आणि वाचलेल्या जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना २०२० अखेर बंद केला, हे येथील कामगारांना वेगळे सांगायला नको. (अमेरिकी करदात्याने तळेगावसाठी पैसे दिले नव्हते, हेही खरे.)

प्रतिसाद : माणदेशी

२००९ च्या मध्यावर पतपुरवठा सैल होऊ लागला होता, आणि जॅग्वारला हवी असलेली रक्कम जनरल मोटर्सच्या गरजेपुढे किरकोळ होती. लेलँडचे उदाहरण मात्र मला नाकारता येत नाही. तरी त्यासमोर १९८० ची क्रायस्लर ठेवावी. तेव्हा सरकारने दीड अब्जापर्यंतच्या कर्जाला फक्त हमी दिली, कंपनीने १९८३ सालीच ते कर्ज मुदतीआधी फेडले, आणि बदल्यात घेतलेल्या शेअरहक्कांवर (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्कांवर) सरकारला नफाही झाला.

प्रतिसाद : कोकणकडा

दिवाळखोरीतील रोकड फक्त सरकारच देऊ शकत होते, हा मुद्दा मला पटला. मूळ लेखात मी त्याचा विचार केला नव्हता. परंतु मग डिसेंबरचे पैसे दिवाळखोरीच्या अर्जाशी का बांधले गेले नाहीत? रिक वॅगनर यांना जनरल मोटर्सच्या प्रमुखपदावरून दूर करायला मार्चअखेर उजाडली, आणि तोवरची रक्कम त्याच व्यवस्थापनाच्या हाती खर्च झाली.

प्रतिसाद : माणदेशी

कारण २० जानेवारीला बुश यांची मुदत संपत होती, आणि एवढा मोठा अर्ज न्यायालयात नीट मांडायला काही महिन्यांची तयारी लागते. त्या पैशांनी विकत घेतला तो तेवढा वेळ. त्यासाठी मोजलेली किंमत जास्त होती, असे आपण म्हणालात तर त्यावर मी भांडणार नाही.