मदत हवी आहे : पुनर्जन्म आणि काळाचा घोळ असलेल्या कथा सुचवा

मंडळी, योगवासिष्ठातलं (वसिष्ठांनी रामाला केलेल्या उपदेशाचा संस्कृत ग्रंथ) लीला राणीचं आख्यान वाचल्यापासून डोकं भणभणलंय. त्यात एक ब्राह्मण मरून जेमतेम आठ दिवस झालेत, आणि तेवढ्यात त्याच्याच घरातल्या पोकळीत तो लीलेचा नवरा पद्म राजा होऊन अख्खं आयुष्य जगून मेलासुद्धा! सरस्वती लीलेला त्या ब्राह्मणाच्या घरी नेते तेव्हा घरची माणसं अजून रडताहेत.

असं काही आजच्या मराठी कथा-कादंबरीत कोणी केलंय का? मागचा जन्म आठवला नि सूड घेतला, या छापाचं नको. ते सिनेमात पुष्कळ झालं. आत्म्याचा पुढचा जन्म आधीच्या शतकात, असलं काही हवंय. शिवाय या आख्यानाचा सटीप मराठी अनुवाद कुठला घ्यावा? संस्कृत माझं शाळेपुरतंच. छापील असेल तर उत्तम, मोबाइलवर एवढं वाचवत नाही.