घरी जातिवंत मांजरीची पैदास करणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

अबोली:

नमस्कार. माझ्याकडे दोन वर्षांची पर्शियन मांजरी आहे आणि तिच्या वंशावळीचे प्रमाणपत्रही माझ्याजवळ आहे. एका परिचितांकडे याच जातीचा बोका असून तिची एक वीण घ्यावी असे त्यांनी सुचवले आहे. दोघेही तंदुरुस्त दिसतात, पिल्लांना घरे मिळतील याची परिचितांना खात्री आहे, आणि मादीला एकदा तरी पिल्ले होऊ दिली तर तिची प्रकृती चांगली राहते, असेही ते म्हणतात. पैसे मिळवणे हा माझा हेतू नाही. परंतु इतकी मांजरे बेवारस असताना, केवळ मला तिची पिल्ले पाहावीशी वाटतात म्हणून नवे जीव जन्माला घालावेत का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. ज्यांनी घरी पैदास केली आहे आणि ज्यांनी ती जाणीवपूर्वक टाळली आहे, अशा दोघांचेही म्हणणे मला समजून घ्यायचे आहे.

निरभ्र:

मी घरी ब्रिटिश शॉर्टहेअर मांजरांची पैदास करतो, तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. प्रकृतीसाठी एक वीण आवश्यक असते या समजुतीला कोणताही वैद्यकीय आधार नाही, त्यामुळे ते कारण आपण बाजूला ठेवावे.

'तंदुरुस्त दिसतात' हे पुरेसे नाही. पर्शियन मांजरांमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, ज्याला पीकेडी म्हणतात. डीएनए चाचणी उपलब्ध होण्यापूर्वी अनेक देशांत झालेल्या पाहण्यांत या जातीच्या एक तृतीयांशाहून अधिक मांजरांत तो सापडला होता. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तरी आजार होतो, म्हणजे प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता असते, आणि लक्षणे मात्र बहुधा मध्यम वयात दिसतात. तोपर्यंत त्या मांजराची पिल्ले आणि त्या पिल्लांचीही पिल्ले झालेली असतात. जनुक 2004 पासून माहीत आहे आणि चाचणी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरही होते, त्यामुळे ती न करता जोडी लावणे मला अक्षम्य वाटते.

दुसरी गोष्ट रक्तगटाची. मांजरांत प्रामुख्याने ए आणि बी हे गट असतात. बी गटाच्या आईला ए गटाच्या बोक्यापासून पिल्ले झाली, तर धडधाकट जन्मलेली पिल्ले पहिल्या दिवशी आईचे दूध पितात आणि त्या चिकातील प्रतिपिंडे त्यांच्याच तांबड्या पेशी फोडू लागतात. लघवी गडद तांबूस होते, पिल्लू दूध ओढेनासे होते आणि दोन-तीन दिवसांत जाते. जे वाचते त्याच्या शेपटीचे टोक कधीकधी काळे पडून गळून जाते. आधी रक्तगट तपासले की हे सर्व टळते.

अडलेल्या बाळंतपणात मध्यरात्री शस्त्रक्रिया करावी लागली तर तिचा खर्च, तेरा आठवडे पिल्ले आईजवळ ठेवण्याची सोय आणि दिलेले पिल्लू कोणत्याही वयात परत घेण्याची तयारी या तिन्ही गोष्टी असतील, तरच पुढे जावे. प्रमाणपत्रावर पैदाशीची परवानगी आहे का, हेही पाहावे. बरीच पिल्ले केवळ पाळण्यासाठी म्हणून नोंदवून दिलेली असतात.

तिठा:

मी मांजरांच्या निवाऱ्यात काम करते. पर्शियन हवे असणारा माणूस ते मिळाले नाही म्हणून निवाऱ्यातून मांजर नेईलच असे नाही, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप पुढच्या पिढीविषयी आहे. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते, आणि निर्बीजीकरणाचे आश्वासन देऊन नेलेले पिल्लू तोवर गाभण असते. आमच्याकडे येणाऱ्या लांब केसांच्या मांजरांची कातडीपर्यंत गुठळ्या झालेली केसाळ पाठ भादरताना मला नेहमी वाटते की, ज्याच्या घरी हे जन्मले त्याने मागाहून एक दूरध्वनीही केला नसणार. वीण घ्यायचीच असेल, तर प्रत्येक पिल्लाचे निर्बीजीकरण करूनच ते घराबाहेर द्यावे.

पाणकणीस:

निरभ्र यांच्या चाचण्यांविषयीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे, पण पर्शियनच्या बाबतीत मूळ अडचण चाचणीच्या आवाक्याबाहेरची आहे. चपटा चेहरा हा या जातीत अपघाताने आलेला दोष नाही. प्रदर्शनांतील पसंतीनुसार पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेले ते लक्षण आहे. त्यापायी अश्रुनलिका दुमडते आणि डोळे सतत वाहतात, नाकपुड्या अरुंद होतात, दात वेडेवाकडे येतात आणि रुंद डोक्याची पिल्ले प्रसूतीत अडकतात. ब्रिटनमधील जीसीसीएफ या नोंदणी संस्थेच्या निकषांत नाकाची वरची कड खालच्या पापणीच्या कडेपेक्षा वर असणे हा दोष मानला जातो. आपल्या मांजरीकडे आणि त्या बोक्याकडे समोरून नव्हे, तर बाजूने पाहा. दोघांचीही नाके डोळ्यांच्या रेषेत असतील, तर सर्व चाचण्या निर्दोष येऊनही मी ही जोडी लावू नका असेच सांगेन.

स्कॉटिश फोल्डची गोष्ट याहून स्पष्ट आहे. ज्या जनुकामुळे कान दुमडतात, त्यानेच सर्वांगातील कूर्चा बिघडते, त्यामुळे दुमडलेल्या कानांचे प्रत्येक मांजर कमीअधिक सांधेदुखीचा धोका घेऊनच जन्मते. तिथे काळजीपूर्वक पैदास असे काही असूच शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

अबोली:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रमाणपत्रावर पैदाशीची परवानगी नाही, हे मी आज प्रथमच नीट वाचले. परिचितांना बोक्याच्या चाचणीविषयी विचारले, तर त्यांना तो अविश्वास वाटला, आणि त्या उत्तरानेच माझा निर्णय जवळजवळ झाला आहे. एक शंका उरते. ती वारंवार माजावर येते. शस्त्रक्रिया टाळून इंजेक्शनने ते थांबवता येईल का?

निरभ्र:

तो मार्ग शक्यतो घेऊ नये. माज थांबवणाऱ्या संप्रेरकांमुळे स्तनांच्या गाठींचा आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. निर्बीजीकरणाने गर्भाशयाचा प्रश्न मिटतो; आता ती माजावर असेल, तर शस्त्रक्रिया लगेच करायची की माज ओसरल्यावर, हे पशुवैद्यांना विचारून ठरवावे.