हजारी पहाडकडचं उताराचं परस: भरून सपाट करावं की टप्पे पाडावेत?

परसातली_सून

नमस्कार मंडळी. होळी झाली, मृगापर्यंतचा वेळ हाताशी आहे, म्हणून आत्ताच विचारते.

आमचं घर हजारी पहाडच्या बाजूला. रस्त्यावरून पाहिलं तर साधं बैठं घर. मागचं दार उघडलं की जमीन खाली खाली जात थेट नाल्याला भिडते. लांबी १२० फूट, रुंदी जेमतेम ३५. नवरा आणि मुलगा दोघांनी लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) धरून मोजलं, ओट्यापासून शेवटच्या कुंपणापर्यंत एकूण ९ फूट उतार भरला. पण तो सारखा नाही. ओट्याजवळच्या ४० फुटांत फक्त दीड फूट, मधल्या ५० फुटांत एकदम साडेपाच, आणि खालच्या ३० फुटांत दोन.

वर मुरूम आहे, पहार मारली की खणकते. खाली काळी माती, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मधल्या उतारावर दर पावसाळ्यात ओघळी पडतात, आणि त्यांची सुरुवात बरोबर तिथून होते जिथे छताचा पाईप मागे सोडलाय. वर कढीपत्ता, मोगरा, तुळस. मध्ये एक मोठा कडुलिंब आणि काही सीताफळं. खाली रायमुनिया (घाणेरी) आणि गाजरगवताचं राज्य. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी भरून वाहिला त्या पहाटे आमचा नालाही कुंपणाच्या आत आला होता. घरापर्यंत नाही, पण खालचा तुकडा पूर्ण पाण्याखाली होता.

घरातल्या मागण्या अशा: सासूबाईंना (वय ७२, दोन्ही गुडघे कुरकुरतात) भाजीचे वाफे आणि सीताफळापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येईल अशी वाट. नवऱ्याला लॉन. मुलाला बॅडमिंटन. आणि मला संत्र्याची दोन झाडं, नागपुरात राहून घरचं संत्रं नाही हे मला लागतं.

ठेकेदार येऊन गेला. त्याचं म्हणणं, बाजूच्या बोळातून जेसीबी आत घालू, नाल्याच्या बाजूला ९ फुटांची आरसीसी भिंत उभी करू, आत मलबा आणि माती भरू, पूर्ण परस एका पातळीत. ‘मॅडम, पोरगं क्रिकेट खेळेल.’ नवरा अर्धा तयार झालाय. माझं मन घेत नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे मुद्दा नाही. मुद्दा द्या.

चौथा_माळा

आमच्याकडे बाल्कनीत चार कुंड्या मावत नाहीत आणि इथे १२० फुटांचं दुःख चाललंय. वाचतोय, चालू द्या.

बांधबंदिस्ती

सूनबाई, मुद्दा मागितलात म्हणून आधी तोच देतो. भिंतीमागच्या मातीचा रेटा उंचीच्या पटीत वाढत नाही, उंचीच्या वर्गात वाढतो. तीन फुटांच्या भिंतीपेक्षा नऊ फुटांच्या भिंतीवर तिप्पट नव्हे, नऊपट रेटा येतो. त्यात मागे मलबा आणि काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि हे दरवर्षी. शिवाय पायथ्याशी नाला. एवढी भिंत बांधता येत नाही असं नाही, पण ती स्ट्रक्चरल इंजिनिअरने डिझाइन करायची गोष्ट आहे, ‘उभी करू’ म्हणायची नाही. आणि जो तुकडा पाण्याखाली जातो तो नाल्याचाच आहे, कागद काही म्हणो. तिथे भराव टाकलात तर ते पाणी शेजाऱ्याकडे सरकेल. हे नवऱ्याला वाचून दाखवा.

माझी उभी नोकरी मृदसंधारणात गेली, बांध आणि समतल चर आखण्यात. त्यामुळे मला आधी झाडं दिसत नाहीत, पाणी दिसतं. तुमच्याकडे पाणी दोन प्रकारचं आहे. एक अंगणावर पडणारं. दुसरं छताचं, आणि खरा दंगा तेच करतंय. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. छत हजार चौरस फूट धरलं तर साधारण ९३ चौरस मीटर. आपल्याकडे वळवाला तासाभरात ५० मिलिमीटर पडणं नवल नाही, म्हणजे साडेचार हजार लिटर पाणी एका चार इंची तोंडातून उताराच्या डोक्यावर ओतलं जातंय. ओघळी पडणार नाहीत तर काय होईल?

म्हणून कुदळ लावण्याआधी ते पाणी ताब्यात घ्या. ओट्याजवळ दोन हजार लिटरची टाकी, आधी गाळणी, आणि टाकी भरल्यावरचं जादा पाणी बंद पाईपातून थेट खालच्या ३० फुटांत. पाईपाच्या तोंडाशी मोठे दगड पसरा, नाहीतर तिथे खड्डा पडेल. शोषखड्डा कोणी सुचवेल. चांगली गोष्ट आहे, पण भिंतीच्या मागे किंवा घराच्या पायाजवळ अजिबात नको. करायचाच तर अगदी खाली.

आता जमीन. वरचे ४० फूट आहेत तसे ठेवा. मधल्या ५० फुटांचे २५-२५ चे दोन टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्याच्या वरच्या अर्ध्यातली माती काढायची आणि खालच्या अर्ध्यात भरायची. बाहेरून एक ट्रॉली माती आणायची नाही की बाहेर टाकायची नाही. असं केलं की मधोमध एकच पावणेतीन फुटांची भिंत लागते, आणि वरच्या व खालच्या काठाला प्रत्येकी दीड फुटाच्या आतले कठडे. बेरीज करून बघा, तुमचा साडेपाच फूट उतार त्यातच संपतो. या पद्धतीत भिंतीचा पाया मूळ जमिनीत बसतो, भरावावर नाही. तरी पाया घेताना काळी माती लागली तर ती पूर्ण काढून मुरमापर्यंत जा. यात कंजुषी केलीत तर बाकी सगळं फुकट.

भिंत काळ्या दगडाची. तळाला रुंदी उंचीच्या निम्मी किंवा थोडी जास्त, आणि समोरची बाजू किंचित मागे कललेली. भिंतीमागे फूटभर गिट्टी, आणि गिट्टी व मातीमध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड), नाहीतर काळी माती एका पावसाळ्यात गिट्टी बुजवून टाकते. टप्प्याला बाहेर ढाळ देऊ नका. किंचित आत, वरच्या बाजूच्या भिंतीच्या पायथ्याकडे द्या, आणि तिथली नाली बाजूने खाली काढा. पाणी काठावरून उडी मारणार नाही.

काठावर वाळा लावा. हो, कूलरच्या ताटीचा तोच. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरसुद्धा. जुलैत वीतभरापेक्षा कमी अंतरावर ठोंब लावले की दोन वर्षांत माती बांधलेली राहते. कडुलिंबाच्या बुंध्यावर भर चढू देऊ नका, साल कुजून झाड जातं. टप्पा आखताना तो कापाच्या बाजूला आला तर मुळं तुटतील, भरावाच्या बाजूला आला तर बुंधा पुरेल. म्हणून त्याच्याभोवती मूळ जमिनीचं मोठं आळं ठेवा आणि टप्पा त्याला वळसा घालू दे. रेषा वाकडी दिसली तर दिसू दे.

खालचे ३० फूट सोडून द्या. रायमुनिया काढा, जांभूळ, करंज, बांबू लावा. बुडालं तरी यांचं काही बिघडत नाही.

लॉनबद्दल: वरच्या तुकड्यात, तेही निम्म्यात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना लॉन किती पाणी पितं ते नवऱ्याने एक उन्हाळा स्वतः पाईप धरून बघावं. बॅडमिंटनचं पूर्ण कोर्ट ४४ बाय २० फुटांचं, तुमच्याकडे लांबीला चार फूट कमी पडतात. घरच्या खेळाला चालतंय.

काटोल_रोडचा_संत्रावाला

काका बरोबर सांगून राहिले. मी फक्त संत्र्याचं सांगतो, कारण ताईनं ते लिहिलं आणि कोणी बोललंच नाही जी.

खालच्या काळ्या मातीत संत्रा लावूच नका. पाणी साचलं की डिंक्या येते, बुंध्यातून डिंक वाहते, साल सडते, झाड उभ्या उभ्या वाळते. आमच्याकडे पाटाच्या पाण्याच्या बगीच्यात हेच पाहून राहिलो. तुमचा मधला वरचा टप्पा ठीक आहे, मुरूम आहे, निचरा होते. पण खोदताना पांढरे चुनखडीचे खडे बम निघाले तर माती तपासून घ्या. चुना दहा टक्क्यांच्या वर असला तर संत्रा पिवळा पडते, कितीही खत टाका.

कलम रंगपूर लिंबू नाहीतर जंबेरीच्या खुंटावरचं घ्या, खुंट म्हणजे ज्यावर संत्र्याचा डोळा बांधते ते खालचं झाड. रस्त्यावर सायकलवर येते त्याच्याकडून घेऊ नका, खुंट कोणता ते त्यालाही माहीत नसते. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आहे, तिथं विचारा. लावताना डोळा बांधलेली जागा जमिनीच्या वर वीतभर राहिली पाहिजे. पाणी दुहेरी आळ्यानं द्या, म्हणजे बुंध्याभोवती आतलं आळं कोरडं आणि बाहेरच्यात पाणी. पावसाच्या आधी एकदा न् नंतर एकदा बुंध्याला बोर्डो मलम लावा. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. दोन झाडांना एवढं लागत नाही, त्याच हिशोबानं कमी करा. प्लास्टिकच्या बादलीत करा, लोखंडी नको.

दोन झाडांत अठरा-वीस फूट ठेवा. ३५ फूट रुंदीत दोनच बसतात, तिसऱ्याचा लोभ करू नका. पहिली चार वर्षं फळ मागू नका. अन् नंतर आंबिया (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा) घ्यायचा की मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचा) ते ठरवून एकच बहार घ्या. दोन्ही घेतले तर झाड खचते. कुंडीतला संत्रा म्हणून जे विकते ते वेगळं, त्याला संत्रा म्हणू नका आमच्यासमोर.

परसातली_सून

काका, दादा, दोघांचेही आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. नऊपटवर तो गप्प झाला, लॉनवर मात्र भांडला. ठेकेदाराला फोन करून जेसीबी थांबवलाय.

तीन शंका. एक, सासूबाईंची वाट: रॅम्प की पायऱ्या? दोन, नाल्याच्या बाजूला घोणस दिसते. दगडी भिंतीच्या फटीत ती राहायला आली तर? तीन, दगड किती लागेल? गवंड्याला विचारलं तर तो हसतो आणि ‘येईल तेवढा’ म्हणतो.

बांधबंदिस्ती

रॅम्पचं गणित तुम्हीच करा. चालायला सोपा म्हणजे बाराला एक, बारा फूट लांबीत एक फूट चढ. साडेपाच फुटांसाठी ६६ फूट लांबी, म्हणजे पूर्ण रुंदीत दोन फेऱ्या. अर्धं परस त्यातच जाईल. सासूबाई चालत्या आहेत, तर पायऱ्याच करा, पण घरातल्यासारख्या नाही. चढ साडेपाच इंच, पाऊल ठेवायला पंधरा इंच, रुंदी चार फूट. वरच्या कठड्याला तीन पायऱ्या, मधल्या भिंतीला सहा, खालच्याला तीन. मध्ये प्रत्येक वेळी २५ फूट सपाट चालायला मिळतं, दम लागत नाही. दोन्ही बाजूंना रेलिंग हवंच. गुडघे चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतात, तेव्हा हात टेकायला लागतो. लोखंडी पाईप उन्हात तापतो, त्यावर लाकूड बसवा. पायरीवर गुळगुळीत फरशी नको, छिन्नीने टोचून खरबरीत केलेला दगड घ्या. भाजीचे वाफे वरच्या तुकड्यातच, अडीच फूट उंच विटांचे, म्हणजे वाकणं नाही आणि स्वयंपाकघरातून चार पावलांवर. खत-पाल्याची हातगाडी न्यायला एका कडेने अडीच फुटी घसरण ठेवा, ती तीव्र असली तरी चालते.

घोणशीची शंका रास्त आहे. कोरड्या रचाईची भिंत मला जास्त आवडते, कारण तिच्यातून पाणी आपोआप झिरपतं. पण तुमच्या जागेत समोरच्या फटी सिमेंटने भरून घ्या. मग मात्र भिंतीत तीन इंची पाईप ठेवावेच लागतील, दर पाच फुटांवर, किंचित बाहेर उतरते, तोंडाला जाळी. पाईप वाचवू नका. फटी बंद आणि पाणी आत कोंडलेलं, ही भिंत पडायची सगळ्यात खात्रीची रीत. पालापाचोळा आणि विटांचे ढीग भिंतीजवळ नकोत. ढिगात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. संध्याकाळनंतर खाली जायचं तर बॅटरी हवी.

दगड. मधली भिंत ३५ फूट लांब, पायासकट पावणेचार फूट उंच, सरासरी दीड फूट जाड: सुमारे २०० घनफूट, म्हणजे दोन ब्रास. दोन कठडे मिळून सव्वा ते दीड ब्रास. तुटफूट धरून चार ब्रास मागवा. गिट्टी वेगळी, सव्वा ब्रासच्या आसपास. खदानीतून ट्रॉली आली की पाटी लावून मोजून घ्या, ‘चार ब्रास’ म्हणून साडेतीन उतरवणारे पुष्कळ आहेत. आणि ट्रॉली वरच्या मुरमावर, भिंतीच्या आखणीपासून दूर रिकामी करायला सांगा. उताराच्या तोंडाशी ढीग पडला की माती खचते आणि तो दगड पुन्हा वर आणायला मजूर वेगळे पैसे घेतात.