माचू पिक्चू स्वतः आखायचं तर आधी तिकीट की आधी विमान?

खटपट्या

पेरूची सहल विकणारे एक वाक्य हमखास टाकतात: "माचू पिक्चूचं लचांड आमच्यावर सोडा." लचांड आहेच. पण सोडवून बघितलं तर ती चार तिकिटं आहेत: गडाचा प्रवेश, आगगाडी, पायथ्याच्या गावातून वर जाणारी बस आणि राजधानी लिमाहून डोंगरातल्या कुस्को शहराला जाणारं विमान. एवढ्यासाठी टूरची गरज नाही, असं माझं मत.

आपलं चुकतं ते क्रमात. मुंबई-लिमा विमान स्वस्त दिसलं की आपण ते आधी काढतो, मग कुस्कोचं हॉटेल, मग आगगाडी, आणि प्रवेश सगळ्यात शेवटी. तोवर हवा तो मार्ग संपलेला असतो. प्रवेशाचं तिकीट हा खुंटा धरा आणि बाकी सगळं त्याला बांधा.

जून २०२४ पासून आत तीन सर्किट आणि त्यांचे मिळून दहा मार्ग आहेत, त्यातले काही फक्त गर्दीच्या हंगामात उघडतात. एका तिकिटावर एकच मार्ग. चालायचं एकाच दिशेने, मागे फिरू देत नाहीत, बाहेर पडलात की परत आत नाही. सर्किट १ वरच्या बाजूने फिरवतं. कॅलेंडरवरचा तो फोटो मिळतो, पण जुन्या इंका शहरात पाऊल पडत नाही. सर्किट ३ खालच्या अंगाने शहरात नेतं. सूर्यमंदिर जवळून दिसतं, फोटोची जागा मात्र नाही. सर्किट २ मध्ये दोन्ही आहे, म्हणून तेच आधी संपतं.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते वायनापिक्चूला. फोटोत मागे उभा दिसतो तो सुळका. साधं तिकीट १५२ सोल (पेरूचं चलन), सुळक्याचं २०० सोल. जास्त पैसे भरले म्हणजे सगळं आलं असं वाटतं. पण ते तिकीट सर्किट ३ च्या ३-ए या मार्गात मोडतं. म्हणजे सुळक्यावर चढाल, पण सुळक्यासकट शहर दिसतं ती जागा तुमच्या तिकिटात नाही. दोन्ही हवं तर तिकिटंही दोन, वेळाही दोन.

खरेदी सरकारी 'तुबोलेतो' संकेतस्थळावरून. नाव आणि क्रमांक पासपोर्टात आहे तसाच टाका, कारण दारात मूळ पासपोर्ट बघतात, झेरॉक्सवर भागत नाही. मधल्या काळात पासपोर्ट नवा झाला तर जुनाही बरोबर ठेवा. आणि आपल्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो आधी चालू करा आणि मगच तिकीट काढायला बसा.

आळशी_कासव

आगाऊ तिकिटाचा एवढा बाऊ कशाला? रोज एक हजार तिकिटं खाली पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावातच विकायला ठेवलेली असतात. मूळ पासपोर्ट घेऊन सकाळी रांगेत नंबर लावायचा, दिलेल्या वेळी परत येऊन नगद सोल मोजायचे, बहुधा दुसऱ्या दिवसाचं तिकीट मिळतं. दोन रात्री हाताशी ठेवल्या की झालं. सहा महिने आधीच स्वतःला एका तारखेला बांधून घ्यायचं, तर मग टूरमध्ये आणि तुमच्यात फरक काय राहिला?

खटपट्या

कासवराव, तिकीट मिळतं हे मान्य. पण कुठल्या मार्गाचं आणि किती वाजताचं हे तुमचा नंबर येईपर्यंत काय उरलंय त्यावर ठरतं. दक्षिण अमेरिकेत दोन महिने फिरणाऱ्याला ते चालेल. मुंबईहून बारा दिवसांची रजा टाकून निघालेल्याला, त्यातले जवळजवळ चार दिवस येण्याजाण्यात घालवणाऱ्याला, सर्किट १ हातात घेऊन परतणं परवडणारं नाही. शिवाय परतीची आगगाडी आधी काढलेली असेल तर ती तुमच्या नंबरासाठी थांबत नाही.

हिशेबी_माणूस

चार तिकिटं वेगवेगळी काढता येतात हे कोण नाकारतंय? प्रश्न एक तुटल्यावर काय होतं याचा आहे. त्या गावात गाडीरस्ता पोचत नाही. आत-बाहेर करायला रूळ, नाहीतर पाय. जानेवारी २०१० मध्ये पुराने रूळ वाहून गेले तेव्हा पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये तिकीटविक्री खासगी कंपनीकडे दिल्याच्या विरोधात गावकऱ्यांनी संप केला, तेव्हाही गाड्या थांबल्या. अशा वेळी स्वतंत्र प्रवाशाची अवस्था बघा: आगगाडीवाले फार तर भाड्याचे पैसे देतील, प्रवेशाचं तिकीट त्या तारखेचं म्हणून वाया, हॉटेलचं बुकिंग वाया आणि पुढचं विमान तिसऱ्याच कंपनीचं. टूरवाल्याचा कुस्कोत माणूस असतो, तो हे सगळं एका फोनवर हलवतो. त्या माणसाचेच पैसे आपण मोजतो. माझ्या लेखी ते फुकट जात नाहीत.

मधुमालती

हिशेबीदादा, तो माणूस तुमच्या बुकिंगसाठी धावेल, पण तुमच्या फुप्फुसांचं काय? बऱ्याच गटसहलींचा आराखडा एकच: सकाळी लिमाहून कुस्को, दुपारी शहरदर्शन, रात्री तिथेच मुक्काम. लिमा समुद्राकाठी, कुस्को सुमारे ३४०० मीटरवर. सव्वा-दीड तासात एवढी उंची गाठायची आणि त्याच दुपारी साक्सायवामानच्या इंका अवशेषांच्या पायऱ्या चढायच्या! डोकं ठणकणं, मळमळ, रात्रभर झोप नाही, हे मग ओघाने आलंच. गंमत अशी की माचू पिक्चू स्वतः जेमतेम २४३० मीटरवर आहे. त्रास होतो तो तिथे नाही, वाटेवरच्या कुस्कोत.

स्वतः आखण्याचा खरा फायदा हा. कुस्कोच्या विमानतळावरून थेट टॅक्सीने खोऱ्यातलं ओयान्तायताम्बो गाव गाठायचं, दोन तास, उंची सुमारे २८००. पहिल्या दोन रात्री तिथे, मग माचू पिक्चू, आणि कुस्को शेवटी, शरीर रुळल्यावर. आगगाडीही ओयान्तायताम्बोहूनच पकडायची. पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. कुस्को शहरातून सुटणारी गाडी घेतली तर पावसाळ्यात पहिला टप्पा बसनेच नेतात, त्यामुळे ती सोडली तरी फारसं काही हुकत नाही.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी हे आधी सांगायला हवं. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो, खुशाल प्या. पण उरलेली पानं पिशवीत घालून घरी आणू नका. आपल्याकडच्या अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान नावानिशी आहे.

हिशेबी_माणूस

उंचीचा मुद्दा पटला. पण हा दोष आराखड्याचा झाला, टूर या प्रकाराचा नव्हे. आधी खोरं आणि मग कुस्को असा क्रम मागून घेता येतो. आई-वडील बरोबर असतील, स्पॅनिश येत नसेल, तर मी तरी तेच करीन.

घाटवाट

आगगाडीवर एवढी चर्चा झाली पण तिच्या भाड्याचं कोणी बोलेना. साध्या डब्याचंसुद्धा एका बाजूचं भाडं साधारण साठ ते ऐंशी डॉलर. बस वर-खाली मिळून चोवीसच्या आसपास. म्हणजे प्रवेशाच्या तिकिटापेक्षा शेवटच्या काही किलोमीटरचा प्रवास कितीतरी महाग.

पर्याय आहे. कुस्कोहून सांता मारिया, सांता तेरेसा करत इद्रोएलेक्त्रिकाला (जलविद्युत केंद्राजवळचा थांबा) जाणारी व्हॅन घ्यायची, सहा-सात तास. तिथून रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर सपाट चाल, अडीच-तीन तासांत गावात. तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वर जायचं. राजमाची चालणाऱ्याला ही चाल काहीच नाही.

मधुमालती

चाल काहीच नाही, व्हॅनबद्दल बोला. ती वाट आब्रा मालागा खिंडीतून जाते, ४३०० मीटरच्या वर, आणि पलीकडे वळणावळणांनी थेट गरम खोऱ्यात उतरते. ज्याला आपल्या घाटात गाडी लागते त्याने हे डोक्यात ठेवावं. नोव्हेंबर ते मार्च दरडी पडतात. परतताना दुपारची व्हॅन ठरलेली असेल तर त्याच सकाळी वरचं दर्शन, खाली उतरणं आणि अकरा किलोमीटर चाल हे सगळं बसवावं लागतं. प्रवेश सकाळी सहाचा असेल तर जमेल, दहाचा असेल तर नाही.

घाटवाट

पावसाळ्यात मीही सांगणार नाही. पण आपल्या मुलांची मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथल्या कोरड्या हंगामाची सुरुवात. जून-जुलैच्या गर्दीआधीचा हा काळ त्या वाटेसाठी उत्तम. मुलं लहान असतील तर जाताना व्हॅन आणि येताना आगगाडी. निम्मे पैसे वाचतात आणि दुपारची घाईही टळते.

सह्याद्रीवेडा

आधी एक किरकोळ: त्याला गड म्हणू नका. पंधराव्या शतकातल्या पाचाकुती या इंका राजाची ती खासगी वस्ती, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. तटबंदी बघायला जाणाऱ्याची निराशा होईल. खरी कमाल पाण्याची आणि उताराला धरून ठेवणाऱ्या पायऱ्यांच्या शेतांची आहे. वर माती, खाली वाळू, त्याखाली दगडांचा चुरा, म्हणून एवढ्या पावसातही डोंगर सरकत नाही.

आता इंका ट्रेल, म्हणजे माचू पिक्चूपर्यंत चालत नेणारी जुनी वाट. "स्वतः आखून" म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचा: चार दिवसांचा मूळ ट्रेल एकट्याने करताच येत नाही. परवानाधारक कंपनीमार्फतच जावं लागतं. रोज ५०० जणांना परवाना, पण त्यात हमाल, आचारी आणि गाइडही धरलेले असतात, त्यामुळे चालणारे जेमतेम दोनशे. परवाना नावावर असतो, बदलून मिळत नाही. फेब्रुवारीत वाट पूर्ण बंद. सर्वात उंच खिंड ४२१५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. नुसत्या दमाच्या जोरावर जाऊ नका, आधी तीन-चार दिवस वर राहून घ्या.

आणि बसबद्दल. गावातून वर जायला जुन्या दगडी पायऱ्या आहेत. चढ साधारण चारशे मीटर, दीड तास. सवय असेल तर चढताना पैसे वाचवा, पण उतरताना गुडघे वाचवा. बसच्या तिकिटावर दिवस असतो, आसन नसतं, म्हणून पहाटेपासून रांग. सहाच्या प्रवेशासाठी साडेपाचची पहिली बस पकडायला लोक काळोखात उभे राहतात, आणि वर गेल्यावर बहुतेक वेळा धुकं. डोंगरांच्या भिंतीआडून ऊन शहरावर यायला वेळच लागतो. 'सूर्योदय बघायचा' म्हणून सहाचा हट्ट धरू नका, सात-आठचं घ्या.

आळशी_कासव

धुक्यासाठीच तर मी म्हणतो, तारीख मोकळी ठेवा!

नाडीपरीक्षा

सगळे तिकिटांवर भांडताय, पण खुंटा चुकलाय. खुंटा तिकीट नाही, व्हिसा. आणि त्याच्या शेजारी पिवळ्या तापाची लस.

भारतीय पासपोर्टवर पेरूला व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल तर सूट आहे, पण तो किमान सहा महिने शिल्लक हवा. इथे युरोप फिरून पुढे पेरूला जाऊ म्हणणारे अडकतात. शेंगेनचा व्हिसा आपल्याला पुष्कळदा प्रवासापुरताच देतात, त्यात सहा महिने उरणार कुठून? अमेरिकेचा दहा वर्षांचा असेल तर प्रश्न नाही. अमेरिकेमार्गे विमान घेतलं तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, हेही भाडं बघतानाच लक्षात घ्या. खटपट्यांचा क्रम पाळून दीडशे सोल भरले आणि व्हिसा नाही मिळाला, तर तिकीट फ्रेम करून लावा.

लसीचं कारण वेगळं आहे. पेरूला ती कुस्को-माचू पिक्चूपुरती नको असेल, पण परतताना भारताला हवी असते. पेरू आपल्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे. दाखला नसेल तर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तिथेही वार ठरलेले असतात. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. हिशेबींनी आई-वडिलांचं म्हटलं म्हणून मुद्दाम लिहितोय.

खटपट्या

नाडीपरीक्षा, हा वार वर्मी बसला. क्रम सुधारतो: आधी व्हिसा किंवा व्हिसामाफीची खात्री, मग प्रवेश, मग ओयान्तायताम्बोची आगगाडी, मग लिमा-कुस्को, आणि लसीची तारीख या सगळ्याच्या समांतर. विमान लिमापर्यंतचं आधी काढायचंच असेल तर तारीख बदलता येणारं काढा. हिशेबींच्या संपावर माझा उपाय म्हणजे माचू पिक्चूनंतर कुस्कोत दोन मोकळे दिवस ठेवणं. परतीचं आंतरराष्ट्रीय विमान दुसऱ्याच दिवशी ठेवायचं नाही.

हिशेबी_माणूस

ते दोन दिवस धरून टूरशी खर्चाची तुलना करा म्हणजे झालं. तसंही हॉटेलवाल्याला पासपोर्ट आणि पर्यटक म्हणून आल्याची नोंद दाखवली की परदेशी पाहुण्याला १८ टक्के कर माफ असतो. तो बिलात लावलाय का ते बघा, बरेचदा गुपचूप लावतात.

मधुमालती

शाकाहाऱ्यांसाठी: 'सिन कार्ने' म्हटलं की अनेक ठिकाणी गोमांस नाही एवढाच अर्थ घेतात, आणि किन्वाचं सूप कोंबडीच्या पाण्यात शिजलेलं येतं. 'सिन पोयो, सिन पेस्कादो' हेही म्हणा आणि सूपचं पाणी कशाचं ते विचारा.

सह्याद्रीवेडा

आणि ट्रॉली बॅग ओयान्तायताम्बोच्या हॉटेलात ठेवून जा. आगगाडीत हातातलीच बॅग नेऊ देतात, वजनाची मर्यादा तिकिटावर असते. वर दारात ४० बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी चालत नाही. ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, ड्रोन नाही. काठीला रबरी टोपण हवं. आत शौचालय नाही. आहे ते दाराबाहेर, दोन सोलचं नाणं सुटं ठेवा.