काउबॉय आणि पायोनियर घरी कसे शिकवावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचचा. या सुट्टीत दोघांना काउबॉय आणि पायोनियरांचा (अमेरिकेत पश्चिमेकडे जाऊन वसलेल्यांचा) इतिहास घरीच शिकवायचं ठरवलंय. हॅट आणि दोर आधीच आलेत, धाकटा तर जेवतानाही हॅट काढत नाही!

काउबॉय सोपे वाटतात. यादवी युद्धानंतर टेक्सासात लाँगहॉर्न गुरं उदंड, आणि भाव मात्र उत्तरेकडे. म्हणून १८६७ पासून दोन-तीन हजारांचे कळप चिझम ट्रेल या वाटेने कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वेपर्यंत हाकत नेले. जमिनीवर नकाशा पसरून खेळण्यातल्या गायी सरकवल्या की काम झालं. दोर फेकायची विद्या मेक्सिकन व्हाकेरोंची (तिकडच्या गुराख्यांची), आणि काउबॉयांत कृष्णवर्णीयही पुष्कळ होते, हेही सांगेन. आमच्याकडच्या चित्रांच्या पुस्तकांत ते कुठेच नाही.

पायोनियरांचंही निम्मं जमेल. पश्चिमेला जायची त्यांची वाट, ओरेगॉन ट्रेल, सुमारे दोन हजार मैलांची, गाडीत सामान आणि माणसं बहुतेक पायी. सरपण नसेल तिथे बायसनच्या वाळक्या शेणावर स्वयंपाक. आजोळच्या गोवऱ्या पाहिल्यामुळे लेकीला ते लगेच कळेल.

अडतंय ते पुढे. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळायची, पाच वर्षं राहून कसली की मालकी. मोठी विचारणारच, "आधी तिथे कोण होतं?" मूळ रहिवाशांच्या हुसकावणीचा १८३०चा कायदा, चेरोकी जमातीची सक्तीची पायपीट, वाटेत गेलेली हजारो माणसं... पाच वर्षांच्या पोराला यातलं किती सांगायचं? टाळायचं नाहीये, पण रात्री घाबरून उठायलाही नको. कोणी हे केलंय का?

प्रतिसाद १
ताई, नकाशा कोरा घेऊ नका. पहिल्या दिवशी फक्त कोमांची, कायोवा, विचिटा या मूळ जमातींचे मुलूख रंगवा. ट्रेल दुसऱ्या दिवशी. मग "आधी कोण होतं" हे मुलंच तुम्हाला सांगतील. ज्याच्या नावाची ही ट्रेल, तो जेसी चिझम आईकडून चेरोकी. गुरं हाकणारा नव्हे, मालाच्या गाड्या नेणारा व्यापारी आणि दुभाष्या. वाट आजच्या ओक्लाहोमातून जायची आणि तिथल्या जमाती कळपवाल्यांकडून दर गुरामागे पैसे घेत. धाकट्याला टोलनाक्याचा खेळ द्या, खूश होईल. पायपिटीबद्दल त्याला "घरं सोडायला लावली, आणि ते चूक होतं" एवढं पुरे. मृत्यूंचं मोठीला, ती विचारेल तेव्हा. चेरोकी आजही आहेत, टालेक्वाह ही त्यांची राजधानी, हे मात्र दोघांनाही सांगा.

प्रतिसाद २
+१. "काउबॉय विरुद्ध इंडियन" ही लुटुपुटूची लढाई तेवढी नको. शेवटच्या दिवशी दिवाणखान्यात लोकरीचं कुंपण घाला आणि गायी पलीकडे न्यायला सांगा. १८७४च्या पेटंटनंतर काटेरी तार स्वस्तात पसरली आणि मोकळं कुरण आखडत गेलं, ते आपोआप समजेल. फोर्ट वर्थ स्टॉकयार्ड्सला (जुन्या गुरांच्या बाजारात) दिवसातून दोनदा लाँगहॉर्न रस्त्यावरून नेतात. उन्हाळ्यात दुपारआधीचा फेरा गाठा, चारच्या उन्हात पोरं वैतागतात.